टाळ्या नव्हे, खोली ऐका

'आवडता लाइव्ह अल्बम कोणता, आणि लाइव्ह रेकॉर्डिंग चांगलं कधी म्हणायचं?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचा 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅन्गार्ड'. २५ जून १९६१, न्यूयॉर्कमधला तळघरातला छोटा क्लब, एका दिवसात पाच बैठका, सगळं थेट दोन ट्रॅकवर. म्हणजे मागाहून बास चढव, ड्रम्स उतरव ही सोयच नाही. तोल साधला तो तिथेच. ग्लास किणकिणतात, कुणी मध्येच हसतं, आणि त्या गलबल्यामुळेच त्रयीतल्या स्कॉट लाफॅरोचा बास नेमका कुठे उभा आहे ते कळतं. पहिल्याच तुकड्यात वीज गेल्याने टेप अडखळली होती. पुढच्या आवृत्तीत तोही तुकडा जसाच्या तसा आला.

टाळ्यांवर मात्र भाळू नका, त्या चिकटवता येतात. अमेरिकन गायक जॉनी कॅशच्या फॉल्सम तुरुंगातल्या (१९६८) रेकॉर्डवर खुनाच्या ओळीनंतर कैदी चीत्कारतात, तो चीत्कार नंतर जोडलेला आहे. याउलट 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'च्या लेबलवर 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडने खरखर तशीच ठेवा, दुरुस्त करू नका, असं बजावलं होतं. त्यांच्याच दुसऱ्या दिवशीच्या, हल शहरातल्या कार्यक्रमात तर काही गाण्यांचा बासच टेपवर उतरला नव्हता.

आपल्याकडच्या बैठकीचं रेकॉर्डिंग बिघडतं ते बहुधा फक्त मिक्सरमधून (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून) घेतल्यामुळे. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात तबला आपसूक पोचतो, म्हणून साउंडवाला त्याला मिक्सरवर जेमतेम जागा देतो. घरी ऐकताना गळा कानाशी आणि तबला शेजारच्या इमारतीत! उपाय स्वस्त आहे. दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात, पहिल्या रांगेच्या पुढे, अडीच-तीन मीटर उंच. प्रेक्षकांत खाली ठेवलेत तर शेजारच्या काकांचा खोकला गवयापेक्षा मोठा येईल. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. माइक १० मीटरवर असतील तर मिक्सरच्या ट्रॅकशी जुळवताना या माइकचा, म्हणजे खोलीचा, ट्रॅक सुमारे २९ मिलिसेकंद आधी सरकवा, नाहीतर तबल्याची थाप दुहेरी वाजते.

रेकॉर्डिंगची लेव्हल विलंबित ऐकून ठरवू नका. द्रुतात, तराण्यात तबला उसळला की फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. २४ बिटवर सर्वांत मोठी तान उणे १२ डेसिबलच्या (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा) आसपास राहू द्या, ऑटो गेन (लेव्हल आपोआप बदलणारी सोय) बंद. आणि दाद कापू नका. समेवरची 'क्या बात' काढलीत तर पुढच्या आवर्तनात गवई का खुलला ते ऐकणाऱ्याला कळायचंच नाही. तंबोरे जुळवतानाची पहिली दोन मिनिटंही ठेवा. खोली केवढी आहे ते तिथेच कळतं.