फेरूलच्या अलीकडे की पलीकडे?

लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकतं, हे कुणालाही माहीत आहे. आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार मात्र ऐन मे महिन्यात अडकायला लागलं. मी सुताराला बोलावून रंधा मारून घेतला. पावसाळ्यात त्याच दाराला वर बोटभर फट पडली. शेजारच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली होती, ती दोनदा पुट्टी भरून रंगवली. दोन्ही वेळा पुढच्या उन्हाळ्यात जिथल्या तिथे हजर.

घर वडिलांनी १९९४ साली बांधलेलं, वीटकामाचं. पाया जेमतेम साडेतीन फूट आणि खाली मराठवाड्याची काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. सगळीकडे सारखीच फुगली-आकसली तर घर मुकाट सोसतं. एक कोपरा ओला आणि बाकीचे कोरडे राहिले की भिंतीची ओढाताण सुरू होते.

हे शहाणपण माझं नाही, पुतणीचं. ती सिव्हिल इंजिनिअर. तिसऱ्यांदा पुट्टीचा डबा उघडत होतो तेव्हा नेमकी आली. "काका, थांबा. भरलीत तर कळणार कसं वाढतेय की नाही?" तिने भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. मधोमध काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवली. ती फेब्रुवारीत लावली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात कट्कन तुटली. पेन्सिलीच्या खुणेपुढे भेग चार बोटं सरकली होती.

घरभर फिरून तिने बाकीच्या भेगा निकालात काढल्या. स्लॅबखाली सरळ आडवी गेलेली उन्हाने स्लॅब ताणल्याची, गिलाव्यावरचं केसासारखं जाळं गिलाव्याचंच. ही खिडकीजवळची मात्र विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली, बाहेरून आणि आतून एकाच जागी, खाली रुंद आणि वर बारीक. वर रुंद असती तर कोपरा खचतोय असा पहिला संशय, खाली रुंद म्हणजे कोपरा जागेवर आणि बाकीचं घर खाली बसतंय, असं तिचं म्हणणं.

मग ती बाहेर गेली. अंगणभर माती भेगाळलेली आणि त्या कोपऱ्याशी दुर्वा हिरव्यागार! आई त्यावर खूश होती, संकष्टीला दुर्वा विकत आणाव्या लागत नव्हत्या. तिथे हातभर खड्डा खणला. आमच्याकडे चार दिवसांआड नळ येतो. नळ आला की तासाभरात खड्ड्यात पाणी, दोन दिवसांनी नुसता ओलावा. मीटरजवळची आमची चावी बंद ठेवली तरी तेच, म्हणजे गळती मीटरच्या आधी, रस्त्याच्या बाजूला.

इथपर्यंत सगळं मजेत. पुढचे पाच महिने पाणीपुरवठा विभागात गेले.

पहिल्या अर्जावर उत्तर मिळालं, "गळती असती तर रस्त्यावर दिसली असती." दुसऱ्या खेपेला साहेब मोजणीला गेलेले. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावलं की मुख्य लाइनवर, घराची जोडणी जिथून निघते तिथे, फेरूल नावाचा जोड असतो, फेरूलच्या अलीकडे नळजोडणी तुमची, पलीकडे आमची. "गळती अलीकडे आहे. प्लंबर लावा." न बघता कसं कळलं, हे विचारायचं राहिलं.

प्लंबर लावला. तो म्हणाला, रस्ता फोडावा लागेल. गल्लीत नुकताच सिमेंटचा रस्ता झालेला, म्हणजे खोदाईची परवानगी बांधकाम विभागाची. बांधकामवाले म्हणाले, गळती आहे असं पाणीपुरवठ्याचं पत्र आणा. पाणीपुरवठावाले म्हणाले, खोदून बघितल्याशिवाय पत्र कसं देणार? या दोन टेबलांमध्ये पंचवीस पावलांचं अंतर आहे, मी मोजलंय. तेवढ्यात पावसाळा आला, माती सगळीकडे सारखी फुगली, भेग मिटली आणि एक कारकून मला म्हणाला, "बघा, आपोआप बरी झाली."

(अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्याच. माझा पहिला अर्ज आजही कुणाला सापडलेला नाही.)

शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात एवढंच विचारलं, की माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली? सोबत खड्ड्याचे नळाच्या दिवशीचे आणि कोरड्या दिवशीचे फोटो. उत्तराची मुदत ३० दिवसांची, पण अकराव्या दिवशी दोन माणसं फावडी घेऊन दारात आणि मागोमाग परवानगीचा कागदही. खोदलं तर गळती अलीकडे नव्हती, पलीकडेही नव्हती. फेरूलच सैल! पाणी नळजोडणीच्या चरातल्या भुसभुशीत भरावातून थेट आमच्या पायाशी. पिळून बसवायला वीस मिनिटं लागली.

दरम्यान एका ठेकेदाराने पायाखाली काँक्रीट घालायचं मोठं अंदाजपत्रक दिलं होतं. ते मी घाबरून जवळजवळ स्वीकारलं होतं. पाण्याचं कारण शोधल्याशिवाय कुणी पायाला हात घालू पाहत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आम्ही फक्त भिंतीलगत तीन फूट फरशीचा पट्टा केला, बाहेर उतार देऊन, आणि गच्चीच्या पन्हाळीचं पाणी गटारापर्यंत नेलं.

भेग अजून भरलेली नाही. पुतणी म्हणते, एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. नवी काचपट्टी या मेमध्ये तुटली नाही, दारही लागतंय, फक्त रंधा मारलेल्या जागी कायमची फट राहिली. आईला दुर्वा विकत आणाव्या लागतात. माझी खोदाईची अनामत रक्कम अजून बांधकाम विभागात आहे. ती परत मिळायला रस्ता पूर्ववत झाल्याचा दाखला लागतो, आणि तो म्हणे पाणीपुरवठा विभागाने द्यायचा.