व्हर्जिनियातली बेदाणा शेड, पण फळ्यांची

इथल्या उन्हाला सांगलीकर ऊन म्हणणारही नाही. तरी व्हर्जिनियात परसातल्या एका खोपटात, म्हणजे उन्हावर लाकूड वाळवायच्या सौर भट्टीत, इंचभर जाडीच्या ओल्या फळ्या चांगल्या हवेत महिना-दीड महिन्यात रंध्याखाली जायला तयार होतात. ना बॉयलर, ना लाकडं जाळणं. या भट्टीचा आराखडा व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने फुकट दिलाय. आपण मान खाली घालायचं कारण नाही, देहराडूनच्या वन संशोधन संस्थेनेही सौर भट्टी केव्हाच बनवली आहे. आपल्या वखारीत मात्र ती दिसत नाही.

तासगावच्या माणसाला तत्त्व सांगायला नको. बेदाणा उन्हात पसरत नाहीत, सावलीत वाऱ्यावर वाळवतात. इथेही ऊन फळीवर पडतच नाही. ते पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) छतातून आत येऊन काळ्या पत्र्यावर पडतं आणि तापलेली हवा दोन पंखे थप्पीतून आडवी फिरवतात.

माप असं: १० बोर्डफुटांमागे (एक बोर्डफूट म्हणजे फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड लाकूड) १ चौरस फूट छत. वखारीच्या भाषेत घनफुटामागे १.२ चौरस फूट, म्हणजे ४० घनफुटांना ६ बाय ८ चं छत पुरतं. उतार दक्षिणेकडे. व्हर्जिनियाचा अक्षांश ३७ च्या आसपास, म्हणून इथली छतं उभट. सांगलीला वर्षभरासाठी १७ ते २० अंश पुरेत, फक्त हिवाळ्यात वापरायची तर ३०. भिंतींना आतून आधी अॅल्युमिनियम पेंटचे दोन हात, मग काळा रंग. पहिले हात वगळले तर लाकडातलं पाणी प्लायवूड पितं आणि भट्टीच कुजते.

फळ्यांमध्ये सहा सूत (पाऊण इंच) जाडीच्या कोरड्या लाकडी पट्ट्या, दर दीड फुटाला, खालपासून वरपर्यंत ओळंब्यात. पट्टी सरकली की तिथे फळीला लाट येते. टोकांना कापल्याबरोबर मेण किंवा ऑइलपेंट, नाहीतर पाणी टोकाकडून पळतं आणि भेगा आत शिरतात.

खरी करामत रात्रीची आहे. पंखे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा टायमरवर ठेवायचे, मग बंद. दिवसभर फळीची कातडी वाळून आवळते, गाभा ओलाच राहतो, दोघांत ताण येतो. रात्री भट्टी थंड होते, आतली हवा दमट होते, कातडी थोडं पाणी परत पिते आणि ताण सुटतो. घाईने वाळवलेली फळी वरून सुरेख दिसते, पण उभी चिरायला घेतली की करवतीला चावते. मोठ्या भट्टीत याच कामासाठी शेवटी वाफ सोडावी लागते. आपले जुने सुतार सागाच्या फळ्या वर्ष-वर्ष माळ्यावर टाकायचे, तो आळस नव्हता. दिवसाचं वाळणं आणि रात्रीचं मुरणं तिथेही चालूच होतं. आता कच्च्या लाकडाचं दार श्रावणात अडतं आणि बोल सुताराला लागतो.

आपल्याकडे भीती ऊन कमी पडण्याची नाही, जास्त होण्याची आहे. अर्धीच थप्पी भरली तर तेवढंच ऊन निम्म्या लाकडावर येतं आणि फळ्या तडकतात. बाभळीसारखं घट्ट लाकूड असेल तर पहिले काही दिवस दमट हवा बाहेर सोडणाऱ्या मागच्या झडपा जवळजवळ बंद आणि अर्ध्या छतावर शेडनेट. द्राक्षवाल्याच्या घरी ते पडलेलं असतंच. आंब्याचं उलट. झडपा पहिल्या दिवसापासून उघड्या, नाहीतर निळी बुरशी चढते. कीड मारायला गाभ्यात ५६ अंश अर्धा तास लागतात. भट्टी तिथवर पोचेलच असा भरवसा नाही, म्हणून आंब्याला आधी बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी द्या.

ओल मोजायला तुकडा वजन करून १०३ अंशाला वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००. इथे हीटर लावलेल्या घरांसाठी ६ ते ८ टक्क्यांपर्यंत उतरवतात. तो आकडा डोळे झाकून घेऊ नका. कोरड्या जतच्या दारासाठी १० वर थांबा, पावसाच्या पाटणच्या दारासाठी १२-१३ वर.