मर्यादवेलीच्या मागे

"ताई, आज रात्री आम्हाला कुणी उठवू नका," असं ते दोघे मला तीनदा सांगून झोपले होते. आणि रात्री साडेबाराला मीच त्यांच्या टेंटची चेन बाहेरून उघडत होते.

मी ठाण्यात राहते. आठवडाभर ऑफिस, आणि ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवार उत्तनच्या बाजूला एका वाडीतल्या कॅम्पसाइटचं काम. ठाण्याहून घोडबंदर रोडने काशीमिरा, तिथून भाईंदर पश्चिम, मग उत्तनची बस. मिठागरं आणि तिवरं मागे पडली की गाडीतला गोंगाट आपोआप कमी होतो, असं मला दर वेळी वाटतं. वाडी लहान आहे. सुरूची झाडं, नारळ, एक विहीर, सहा टेंट. स्पीकर लावायला बंदी, दहाला मोठे दिवे बंद. रात्री उशिरा पोचलेली माणसंसुद्धा इथे आवाज खाली करून बोलायला लागतात. हे काम मी पैशांसाठी सुरू केलं खरं, पण टिकले ते या शांततेमुळे.

ही गोष्ट मागच्या पौषातली. पौर्णिमा होऊन गेलेली, शनिवारी कृष्ण द्वितीया. बाकीच्या टेंटमध्ये कुटुंबं होती, ती सगळी सुरूखाली. हे दोघे मित्र चारच्या सुमाराला आले. ऐरोलीला एका कंपनीत रात्रपाळी करतात. सहा महिने रात्री जागायचं आणि दिवसा खिडकीला काळा कागद लावून झोपायचं. एकाच्या डोळ्यांखाली इतकं काळं पडलं होतं की मी आधी विचारलं, बरं नाही का. तो म्हणाला, "बरं आहे ताई, फक्त एक रात्र रात्रीचं झोपायचंय. समुद्राच्या आवाजात." म्हणून त्यांना झाडांच्या पुढे, पुळणीवर टेंट हवा होता.

पुळणीवर टेंट लावायचा तर मालक काकांचा एकच नियम: भरतीच्या रेघेच्या वर. दुपारी एकच्या आसपास भरती होऊन गेली होती. वाळूवर ओली कड दिसत होती, तिच्यावर शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, बाटल्यांची बुचं. मी तिथून मोजून पंधरा पावलं वर टेंट लावला, खुंट्या खोल ठोकल्या आणि काम झालं असं समजून चहा टाकायला गेले.

सातच्या सुमाराला शेजारच्या मावशी वलांडीवरचे बोंबील काढायला आल्या. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. रात्रीचं दव पडायच्या आत ते उतरवायचे. त्यांच्या घरची होडी डोल जाळ्याची आहे. डोल पाण्याच्या ओढीवर भरते, त्यामुळे उधाण, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस, कधी आणि भांग, म्हणजे लहान भरतीचे, कधी हे त्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतं. हिशेब मला त्यांनीच पहिल्या वर्षी शिकवला होता: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. द्वितीयेला दीड. दुपारी दीडच्या आगेमागे आणि रात्रीही दीडच्या आगेमागे. तो हिशेब मी केला होता, आणि तेवढ्यावर थांबले होते.

मावशींनी हातातली जोडी टोपलीत टाकली आणि पुळणीकडे बघितलं.

"तो तंबू कुणाचा गो?"

"पाहुण्यांचा. रेघेच्या वर आहे, मावशी. पंधरा पावलं."

"कुठली रेघ? दुपारची?"

"हो."

"दुपारचं पाणी नको सांगू मला. थंडीत समुद्र रात्री मोठा होतो. पावसात दिवसा." मग त्यांनी टोपली खाली ठेवली, माझ्या हाताला धरून वर नेलं आणि पायाने दाखवलं. वाळूवर सरपटणारी हिरवी वेल, आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली जाडसर पानं, एखादं जांभळं फूल मिटलेलं. "ही मर्यादवेल. हिच्या मागे झोपायचं."

मर्यादवेल मी शेकडो वेळा ओलांडली होती. तिचं नावही मला माहीत होतं. त्या नावात काय सांगितलंय, ते मात्र त्या संध्याकाळपर्यंत मी कधी ऐकलंच नव्हतं. टेंट वेलीच्या सहा-सात पावलं खाली होता.

आत येऊन मोबाइलवर भरतीचा तक्ता उघडला. दुपारच्या आकड्यापेक्षा रात्रीचा आकडा जवळजवळ अर्ध्या मीटरने जास्त. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या येतात, पण दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याला मोठ्या भरतीचे इशारे येतात ते बहुतेक दिवसाचे. हिवाळ्यात हाच प्रकार उलटतो. अर्धा मीटर म्हणजे गुडघ्याइतकी उंची. भिंतीवर ती काहीच वाटत नाही. पण आमच्यासारख्या सपाट पुळणीवर तेवढी उंची म्हणजे पंधरा-वीस पावलं आत.

जेवणाच्या वेळी दोघांना सांगितलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. ते इतके सुखात जेवत होते की मला बोलायलाच जीवावर आलं. त्या वेळी ओहोटी होती, समुद्र इतका मागे गेलेला की खडक उघडे पडलेले. एकजण म्हणाला, "ताई, बघा तरी किती लांब आहे." दुसरा काहीच बोलला नाही, पण त्याचा चेहरा पडला. इथे माझी चूक झाली. मी तिथेच ठाम राहून टेंट हलवायला हवा होता. मला त्यांची ती एक रात्र मोडवेना. म्हटलं, झोपा, मी जागी आहे. साडेनऊला ते आत गेले आणि पाच मिनिटांत घोरण्याचा आवाज आला.

मी सुरूच्या काड्या घेऊन खाली बसले. दर पंधरा मिनिटांनी पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. भरती एकसारखी चढत नाही. पहिला तास पाणी जणू विचार करतं, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून येतं, मग पुन्हा मंद होतं. साडेनऊ ते साडेअकरा काड्यांमधलं अंतर बघून पोटात गोळा आला. नंतर अंतर कमी झालं आणि वाटलं, थांबेल बहुतेक.

सगळ्यात जास्त भीती वाटली ती आवाजाची. म्हणजे आवाज नसल्याची. रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे. तो पाणी चापून बसवतो आणि जो काही आवाज असेल तो बाहेर घेऊन जातो. मोठी लाट नाही, फुटणं नाही. चांदण्यात नुसती एक पातळ चकाकती कड वाळूवरून सरकायची, काडीच्या बुडाशी यायची, बुडबुडे सोडून मागे जायची आणि पुढच्या वेळी काडीच्या पलीकडे. ज्या शांततेसाठी माणसं आमच्याकडे येतात तीच शांतता पाण्याला आत आणत होती आणि कुणालाही जाग येत नव्हती. चंद्र चढत चालला होता. तो डोक्यावर आला की पाणी भरतं, हेही मावशींचंच. मी मान वर करून बघितलं. तो अजून माथ्यावर यायचा होता. म्हणजे अजून तासभर पाणी येणार होतं.

साडेबाराला कड टेंटपासून सात-आठ पावलांवर आली. मग मी चेन उघडली.

"उठा. पाणी आलंय."

रात्रपाळी करणारी माणसं उठतात कशी, ते त्या दिवशी पाहिलं. एका हाकेत उठून बसले. कुरकुर नाही, प्रश्न नाही. एकाने स्लीपिंग बॅगा उचलल्या, दुसऱ्याने आणि मी खुंट्या उपटल्या आणि उभा टेंट तसाच दोन टोकांना धरून वेलीच्या मागे, सुरूखाली नेला. पाच-सात मिनिटं लागली असतील. एक खुंटी निघेना, ती तशीच राहिली. परत आणायला गेले तेव्हा पाऊल थंड पाण्यात पडलं. टॉर्च मारला. टेंटच्या तळाने वाळूत चौकोन उमटला होता, दोन माणसांच्या पाठीचे खळगे त्यात स्पष्ट दिसत होते. पाणी आलं, खळग्यांमध्ये भरलं, मागे गेलं. तिसऱ्या वेळेला खळगे नव्हते. मी तिथे उभी राहून थरथरत होते. थंडी तितकी नव्हती.

पाणी दीडच्या थोडं पुढेपर्यंत वर येत राहिलं आणि वेलीच्या शेंड्यांना लागून थांबलं.

सकाळी चर्चची घंटा झाली, मुलांचा नाश्ता झाला, तरी दोघांपैकी एक झोपलेलाच. त्याला दहापर्यंत कुणी हाक मारली नाही. मुलांना मी विहिरीपलीकडे खेळायला पाठवलं. दुसरा मात्र लवकर उठून खाली गेला होता. ओहोटीत ती राहिलेली खुंटी त्याला सापडली. तिथून वेलीपर्यंत तो पावलं मोजत आला, मग मावशींकडे गेला आणि बोंबील टांगायला मदत करू का म्हणून विचारलं. मावशींनी त्याला जबड्यात जबडा कसा अडकवायचा ते दाखवलं. पहिल्या चार-पाच जोड्या सुटल्या.

मालक काकांना मी सगळं सांगितलं, माझी चूक धरून. ते रागावले आणि मग माझ्याबरोबर खाली आले. आता बुकिंगच्या वहीत तारखेशेजारी तिथीचा रकाना आहे, आणि त्यापुढे दिवसाचं पाणी आणि रात्रीचं पाणी असे दोन वेगळे आकडे. पुढच्या शनिवारी नवमी होती, भांगाचं पाणी, समुद्र रात्रभर लांबच. तरी टेंट मी वेलीच्या मागेच लावले.