केडगावची बादली आणि वालपराइसोची मंडळी

माझी पणजी दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंकडे आली आणि त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातच वाढली. तिच्याकडून आजीकडे, आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे एक गोष्ट आली. १९०५ च्या जूनचा शेवट, पहाटेचे साडेतीन. झोपायच्या दालनात एका मोठ्या मुलीवर पवित्र आत्मा उतरला. शेजारी निजलेली जागी झाली, तर हिच्या अंगाभोवती जाळ! ती धावत गेली, पाण्याची बादली भरून आणली आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आलं, की ही जळत नाहीये. त्याआधी जानेवारीपासून बाईंनी सत्तरेक जणींना रोज प्रार्थनेला बसवलं होतं. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली होती. त्या पहाटेनंतर मुक्तीत जे संजीवन, म्हणजे श्रद्धेचं नवचैतन्य आलं, ते लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरच्या १९०६ च्या संजीवनाच्या आधीचं. पवित्र आत्मा असा प्रत्यक्ष उतरतो असं मानणाऱ्या आमच्याकडच्या पुष्कळ पेंटेकॉस्टल ख्रिस्ती लोकांना आपलं मूळ अमेरिकेतच आहे असं वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमची दौंडची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, फुटली. साठेक माणसं होती, त्यातली पंचवीस आम्ही बाहेर पडलो. भांडण ढोलकीवरून सुरू झालं आणि दशमांशाच्या, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या, हिशोबावर येऊन थांबलं. त्या वेळी मी फार रडले. आपण भाड्याच्या खोलीत सतरंजी टाकून बसतो, ना बिशप ना सिनड (चर्चची वरची सभा), मग आपल्याला मंडळी म्हणायचं तरी का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता. म्हणून वाचायला बसले आणि वाचता वाचता थेट चिलीत पोचले.

दुवा आहे तो मिनी एब्रम्स यांचा. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या या अमेरिकन मिशनरी १८८७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे मुक्तीत बाईंबरोबर राहिल्या. त्या पहाटेची बातमी सगळ्यात आधी त्यांच्याकडेच गेली होती. १९०६ मध्ये त्यांनी पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची एक प्रत चिलीतल्या वालपराइसो बंदरात मे लुईस हूवर यांना धाडली. शिकागोच्या प्रशिक्षण शाळेत दोघी एकत्र शिकलेल्या. मे लुईसचे यजमान विलिस हूवर मूळचे डॉक्टर, १८८९ पासून चिलीत आणि १९०२ पासून वालपराइसोच्या मेथडिस्ट मंडळीचे पाळक (पास्टर). ऑगस्ट १९०६ च्या भूकंपात त्यांचं देऊळ कोसळलं होतं. १९०७ मध्ये पुस्तिका पोचली, नवराबायकोनं ती वाचली आणि मंडळी रोज प्रार्थनेला बसू लागली. १९०९ मध्ये तिथंही तेच घडलं. लोक रडू लागले, अन्य भाषांत बोलू लागले, दृष्टान्त पाहू लागले.

एका मैत्रिणीनं दुसरीला पाठवलेली पातळशी पुस्तिका! मला यात देवाचा हात दिसतो आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

फेब्रुवारी १९१० मध्ये मेथडिस्टांच्या वार्षिक परिषदेनं हूवर यांच्या शिकवणीला मेथडिस्टविरोधी ठरवलं. त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. सॅन्टियागोचे दोन गट आधीच बाहेर पडले होते. त्यांना नावात ‘राष्ट्रीय’ हवं होतं. हूवर म्हणाले, आपलं भांडण देशावरून नाही, नाव पेंटेकॉस्टल असू दे. अशी मेथडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. मिशन बोर्डाचा पगार बंद झाला, परदेशातून पैसा नाही. जे चाललं ते लोकांच्या दशमांशावर, आणि ते लोक म्हणजे गोदीतले हमाल, चांभार, मोलकरणी.

त्यांची रचना पाहून मी चकित झाले. बाहेर पडताना त्यांनी मेथडिस्ट घडी मोडलीच नाही. वार्षिक परिषद ठेवली, सुपरिंटेंडंट ठेवला आणि तान्ह्या बाळांचा बाप्तिस्माही ठेवला. आमच्याकडे कालव्यात बुडवून घेतल्याशिवाय बाप्तिस्मा धरत नाहीत, त्यामुळे हे वाक्य मी तीनदा वाचलं. पाळक मात्र सेमिनरीतून, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेतून, येत नसे. नवा विश्वासणारा आधी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून साक्ष द्यायचा. ते जमलं की शब्बाथ शाळेचा (रविवारच्या बायबलशाळेचा) वर्ग, मग उपदेश, मग एखाद्या वस्तीत नवी उपासना सुरू करायची. तिथं माणसं जमली आणि त्याचं पोट भरण्याइतकं दान येऊ लागलं, की तो पाळक. चांभाराचा पाळक होतो तो असा. आणि तिथंच फूटही दडलेली असते. ज्यानं स्वतःच्या घामानं मंडळी जमवली, तो वरच्याचं किती ऐकणार?

१९३३ च्या सुमारास ती फुटलीच. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक वाचून मी पुस्तक मिटून बसले: गिटार. सॅन्टियागोचे पाळक मान्युएल उमान्या यांच्याकडे गिटारी वाजत, म्हाताऱ्या हूवर यांना उपासनेत ते नको होतं. हूवर यांचा गट इव्हँजेलिकल पेंटेकॉस्टल मंडळी म्हणून वेगळा झाला आणि १९३६ मध्ये हूवर वारले. पुढे दोन्हींना आणखी फांद्या फुटल्या. कुरिको गावात एन्रिके चावेस यांची पेंटेकॉस्टल चर्च ऑफ चिली, हूवर यांच्या बाजूतून निघालेलं मिशन पेंटेकॉस्टल चर्च. या दोन छोट्या मंडळ्या १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेत सामील झाल्या. त्याआधी एकही पेंटेकॉस्टल मंडळी तिथं नव्हती. आणि ती सभा भरली होती नवी दिल्लीत! केडगावातून निघालेली ठिणगी छप्पन्न वर्षांनी आपल्याच देशात परत आली. तिथं कुणाला केडगावची आठवण झाली असेल का, हे माझ्या मनातून जात नाही.

एक गोष्ट मला सलते, ती लिहिते. आग दिसली ती मुलीला. पुस्तिका लिहिली बाईनं, पाठवली बाईला. १९०९ मध्ये चिलीत हे संजीवन पसरवायला पुढे झालेली नेली लेडलॉ ही तरुण बाईच, आणि मेथडिस्ट देवळात बोलू न देता तिला पोलिसांच्या हवाली केलं गेलं. पण नियम ठरले, पदं वाटली गेली, तेव्हा हूवर आणि उमान्या यांच्या मंडळ्यांत पाळकाची दीक्षा पुरुषांनाच मिळाली. बायकांच्या वाट्याला दोर्कस मंडळं (बायकांची सेवामंडळं) आली आणि रस्त्यावरची साक्ष. इकडे मुक्तीच्या मुली मात्र टोळ्या करून गावोगाव प्रार्थनेला आणि सुवार्तेला जात होत्या, त्यांत माझी पणजीही होती.

आमच्या पंचवीस जणांनी नियम लिहायला घेतले, तेव्हा मी हे सगळं वाचून दाखवलं. हिशोब दर महिन्याला भिंतीवर लावायचा, ढोलकी ठेवायची, उपदेशाची पाळी बायकांनाही द्यायची. तिसऱ्या कलमावर दोन रविवार वाद झाला. आमच्यातले वडीलधारे काका आधी विरोधात होते, शेवटी त्यांनीच ते कलम आपल्या हातानं वहीत उतरवलं.

येत्या रविवारी पाळी माझी आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २, वचन १७ निवडलंय: तुमचे मुलगे आणि तुमच्या मुली देवाचा संदेश सांगतील, असं ते वचन.