चौदाशे सॅम्पलची लाट

इक्वलायझर, म्हणजे गाण्यातला खर्ज, मधला आणि वरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय, उघडला की बहुतेकांचा हात आधी दोन्ही टोकांना जातो. बेस वर, ट्रेबल वर, मधलं सगळं खाली. स्क्रीनवर हसरा चेहरा उमटतो आणि गाणं एकदम भारी वाटायला लागतं. कानही या कटात सामील असतो म्हणा. आवाज बारीक असला की खर्ज आपल्याला जास्तच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं.

मात्र हे स्लायडर दिसतात तितके सुटे नसतात. ३१.५ हर्ट्झपासून दुप्पट-दुप्पट करत १६ हजारांपर्यंत दहा जागा, पण एक उचलला की शेजारचाही थोडा उचलला जातो. डोंगराला पायथा असणारच. लागून असलेले दोन सहा-सहा डेसिबलने चढवा; त्या दोन्ही जागी प्रत्यक्ष चढ सहाहून जास्त निघतो. स्क्रीनवरचा हसरा चेहरा थोडा खोटाच.

मला खरी भुरळ पडते ती आतल्या हिशेबाची. प्रत्येक स्लायडरमागे एक बायक्वाड फिल्टर असतो. आत्ताचं सॅम्पल (म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप), आधीची दोन आणि स्वतःच दिलेली मागची दोन उत्तरं, यांना पाच गुणकांनी गुणायचं नि बेरीज करायची. सेकंदाला ४४,१०० वेळा. गुणकांची सूत्रं रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन या ऑडिओ अभियंत्याने लिहून ठेवलीत, ती सगळेच उचलतात. आता ३१.५ हर्ट्झची एक लाट होते १,४०० सॅम्पलची, आणि फिल्टरला आठवतात दोन! तरी तो ती लाट ओळखतो, कारण मागच्या उत्तरांत त्याआधीचं सगळं मुरलेलं असतं. म्हणूनच खर्जात हे गुणक फार नाजूक. दशांशात जरा काटछाट केली की खरखर आलीच.

वरच्या टोकाला वेगळंच दुखणं. ४४,१०० च्या निम्म्यावर, २२,०५० हर्ट्झला डिजिटल जग संपतं, त्यामुळे १६ हजारांवरचा उंचवटा भिंतीशी चेंगरून एका अंगाने बसतो.

शिवाय आकड्यांना छत असतं. सहा डेसिबल म्हणजे जवळपास दुप्पट. छताला डोकं आपटलं की आवाज फाटतो. म्हणून वक्र जिथे सर्वांत उंच, तेवढा एकूण आवाज मी माझ्या इक्वलायझरमध्ये आधीच उतरवून ठेवतो. मग तक्रार येते, 'इक्वलायझर चालू केला की आवाज कमी होतो.' होतो खरा. तेवढं मात्र मी बदलणार नाही.