लीगोची रात्र: विस्तव राखताना

लाटव्हियाच्या राजधानीत, रीगामध्ये, माझ्या पहिल्या हिवाळ्यात दिवस सात तासांचाही नव्हता. अंधारात ऑफिसला जायचं आणि अंधारातच परत यायचं. म्हणून जूनमध्ये ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "लीगोला आमच्या शेतावर ये, पण झोपायचं नाही हं," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लाटव्हियात तेव्हा दिवस जवळजवळ अठरा तासांचा असतो. अयनदिन, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, 21 जूनच्या आसपास येतो, पण 23 ला लीगो आणि 24 ला याणी, असा सण ठरलेला आहे. सगळा देश शहर सोडून रानात जातो.

मैत्रिणीच्या घरचे दिएव्तुरी आहेत. ख्रिस्ती धर्म येण्याआधीची लाटव्हियन श्रद्धा पुन्हा उभी करणाऱ्यांचा हा पंथ 1925 च्या सुमारास एर्नेस्त्स ब्रास्तिन्यश यांनी सुरू केला. सोव्हिएत सत्तेने 1940 मध्ये त्यांना अटक केली आणि 1942 मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. पुढे याणीची सुट्टीसुद्धा रद्द झाली. मैत्रिणीची आई सांगत होती की त्या काळातही त्यांच्या घरी पनीर व्हायचं आणि माळा विणल्या जायच्या, फक्त गाणी हळू आवाजात म्हणायची.

त्सेसिसच्या स्टेशनवरून आम्ही 22 ला दुपारी शेतावर पोचलो. पोचल्या पोचल्या काकूंनी माझ्या हातात मोठा लाकडी डाव दिला. याणु सिएर्स, म्हणजे याणीचं पनीर, करायचं होतं. आंबट दुधाचा रवाळ, जाडसर चक्का गरम दुधात घालायचा. हळूहळू निवळी हिरवट आणि स्वच्छ दिसू लागते, मग गाळायचं. पुढचं काम कष्टाचं. तो गोळा लोणी, अंडी, मीठ आणि शहाजिरे घालून मंद आचेवर घोटत राहायचा. माझा हात दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा काकूंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. गोळ्याला तकाकी आली, भांड्याच्या कडा सुटल्या, तसा तो गरम गरमच फडक्यात ओतून करकचून बांधला. आपण श्रीखंडाचा चक्का बांधतो तसाच, पण टांगायचा नाही. वर फळी आणि फळीवर दगड. सकाळी फडकं सोडलं तर पिवळाधमक गोल निघाला आणि गाठीपासून निघालेल्या चुण्यांचे ठसे त्यावर किरणांसारखे उमटले होते. हा सूर्यच. लाटव्हियन भाषेत सूर्य बाई आहे, साउले.

दुसऱ्या दिवशी फुलं खुडायला गेलो. डेझी, क्लोव्हर, निळी कॉर्नफ्लॉवर आणि नावं न कळलेली कितीतरी गवतं. बायकांच्या माळा फुलांच्या, पुरुषांच्या ओकच्या पानांच्या. मी गोव्यातल्या बार्देसची. आईने अबोलीचे वळेसर करायला शिकवलेले, त्यामुळे मला वाटलं, हे जमेल. पण माझी बोटं सारखी दोरा शोधत होती. इथे दोरा नसतोच. एका देठावर दुसरा आडवा ठेवायचा, त्याला वेढा द्यायचा आणि जुडीबरोबर पुढे न्यायचा. माझी पहिली माळ डोक्यावर ठेवताच उसवली. दुसरीच्या वेळी मैत्रिणीच्या आजीने माझ्या हातावर हात ठेवून प्रत्येक वेढा आवळला. ती टिकली.

माळ डोक्यावर घालताना मला सांजांव आठवला. आमच्याकडेही 24 जूनलाच डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून पोरं तुडुंब विहिरीत उड्या मारतात, शिवोलीत होड्या सजतात. संत तोच, बाप्तिस्ता जॉन. याणी हे नावही त्याच जॉनवरून आलेलं. पण इथे ते नाव फार जुन्या सणावर नंतर बसलं. आमच्याकडे पाण्यात उडी, इथे विस्तवावरून.

सूर्य साधारण सव्वादहाला मावळला. त्याआधीच टेकाडावर विस्तव पेटवला. आधी गेल्या वर्षीच्या वाळक्या माळा त्यात टाकल्या, मग धान्य आणि थोडी बिअर. विस्तवाला ते 'उगुन्स' म्हणतात आणि देवाला 'दिएव्स'. अग्नी आणि देव हे आपले शब्द इतक्या दूर, इतक्या थोड्या बदलाने कानावर पडले आणि अंगावर काटा आला.

गाणी चार-चार ओळींची. जात्यावरच्या ओव्यांसारखीच, कोणी रचली ते माहीत नाही, पण बहुतेक बायकांच्या तोंडून आलेली. क्रिश्यानिस बारोन्स यांनी अशी दोन लाखांहून जास्त गाणी जमवून छापली. त्यांचं चिठ्ठ्यांच्या खणांचं कपाट मी रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहिलं होतं. पण कपाट पाहणं वेगळं. इथे एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची आणि दरेक ओळीनंतर 'लीगो, लीगो'. मला शब्द येत नव्हते, म्हणून खालचा एकच सूर धरायला दिला. तंबोऱ्याचा षड्ज लावावा तसा मी तो तासभर धरून बसले.

दोन वाजता खरी कसोटी लागली. अंधार असा झालाच नव्हता, उत्तरेला फिकट पट्टा तसाच होता, पण थंडीने बोटं आखडली आणि डोळे मिटायला लागले. बरेच जण गप्प झाले होते. काकू लाकडं माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आता तू बघ. सूर्य येईपर्यंत विझू द्यायचा नाही." यापुढे दिवस लहान होत जाणार, म्हणून या रात्री सूर्याला एकटं सोडायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. बर्चची साल भुरकन पेटते, ओक सावकाश जळतो. मी दोन ओंडक्यांमध्ये हवेला फट ठेवत, नुसती त्या फटीकडे बघत बसले. मध्ये एकदा ज्वाळ पार खाली गेली आणि माझ्या पोटात गोळा आला. गुडघ्यावर बसून फुंकर घातली. सगळा धूर तोंडावर आला आणि मग एका कडेने साल धरली. त्या डिसेंबरातल्या सगळ्या सकाळी मला तिथे आठवल्या.

साडेचारला झाडांच्या शेंड्यांवर लाल कड आली. सगळे उभे राहिले, गाणं पुन्हा सुरू झालं आणि मी माझा सूर धरला. मग अनवाणी गवतात जाऊन दवाने तोंड धुतलं. पाणी इतकं गार की दात वाजले.

माझी माळ मी आगगाडीत मांडीवर ठेवून रीगाला आणली. ती दारामागच्या खिळ्याला टांगली आहे. क्लोव्हर काळवंडलं, डेझीच्या पाकळ्या रोज दोन-चार जमिनीवर पडतात. त्या मी झाडून एका डबीत ठेवते, कारण पुढच्या जूनमध्ये त्याही विस्तवात टाकायच्या आहेत.