न वाजवणाऱ्याची पत्ती

सोमवार, रात्री

शाळेच्या बँडची आज तिसरी तालीम. पंधरा ऑगस्टला अडीच आठवडे उरलेत आणि ३२ पोरं ३२ दिशांना वाजवतायत. पुढचे साईड ड्रम पळतात, मागच्या बासऱ्या त्यांना गाठायला धावतात, आणि मधले झांजवाले कुणाचं ऐकायचं ते न कळून माझ्याकडे बघत बसतात. मी घसा फोडून "एक-दोन, एक-दोन" ओरडतोय. घसा बसला, ताल काही बसला नाही.

वरून साहेब व्हरांड्यातून म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः काही वाजवत नाही, मग एवढे दमता कशाने? काठी फिरवायला काय लागतं?"

हसून सोडून दिलं. पण घरी येताना बोरीच्या पुलावर नाना आठवले. हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं.

नाना म्हणजे माझे थोरले काका. लगनसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. पन्नाशीच्या आत पुढचे चार दात गेले आणि ट्रम्पेट संपला. ओठ दातांवर टेकवून फुंकायचं वाद्य ते. मागे दात नाहीत तर ओठ धरणार कशाला? नंतर कवळी बसवली, पण तो सूर काही परत आला नाही. मालकाने मात्र त्यांना काढलं नाही, बँडच्या पुढे उभं केलं. तोंड वाजवणाऱ्यांकडे, पाठ नवरदेवाकडे, आणि उलटं चालत हाताने इशारे. आम्ही पोरं मागून त्यांची नक्कल करत उलटं चालायचो आणि गटारात पडायचो.

सुपारीचे पैसे वाटताना एकजण दरवेळी म्हणायचा, "वाजाडत तर नही, मंग त्याले पत्ती कसानी?" शेवटी नानांची पत्ती, म्हणजे वाटा, अर्धी झाली. ते काही बोलले नाहीत. निदान आमच्यासमोर तरी नाही.

गुरुवार, रात्री साडेअकरा

तीन दिवस जेवण झाल्यावर मोबाईलवर एकच उद्योग, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रापुढे उभं राहून हाताने इशारे देणाऱ्या झुबिन मेहतांबद्दल वाचायचं आणि त्यांचे व्हिडिओ बघायचे. हिने विचारलं, एवढं काय वाचताय? म्हटलं, कंडक्टर कसं होतात ते. तर म्हणे, "का, एसटीत भरती निघाली का?"

हसलो, पण तिचं अगदीच चुकलेलं नाही. एसटीचा कंडक्टरही गाडी चालवत नाही. तरी त्याने घंटी दिल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलत नाही.

मेहता मुंबईचे, जन्म १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे, बॉम्बे सिम्फनी नावाचा ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला. मुलगा सोळाव्या वर्षी वडिलांच्या तालमी घ्यायला लागला होता. डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजात घातलं, ते सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेला. तिथे हान्स स्वारोवस्कींकडे कंडक्टिंग आणि जोडीला डबल बास, म्हणजे माणसाएवढं उंच तंतुवाद्य. पण मला आवडलं ते वेगळंच. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बघायला मिळत नसत. म्हणून मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउडिओ अबाडो कोरसमध्ये गायक म्हणून भरती झाले. गाता गाता समोरच्याचे हात बघायचे. हे अगदी आपल्याकडच्यासारखं झालं, स्वयंपाकघरात शिरायला मिळावं म्हणून पंगतीत वाढप्या व्हायचं.

पुढचं सगळं बदलीवर. १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकले, वर्षभर तिथे साहाय्यक. मग माँट्रियलला इगोर मार्केविचऐवजी उभे राहिले, लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर आजारी पडले तिथे उभे राहिले, इस्रायलला यूजीन ऑर्मंडींच्या जागी. आपल्याकडेही असंच असतं. क्लॅरोनेटवाला तापाने पडला की चोपड्याहून बदली माणूस येतो आणि लग्नाची टाळी लागायच्या आत अख्ख्या गावाला त्याचं नाव माहीत होतं. लॉस एंजेलिसला तर मुख्य म्हणून नेमलेल्या जॉर्ज शोल्टींना न विचारताच मेहतांना त्यांचा साहाय्यक केलं. शोल्टी रागावून निघून गेले आणि १९६२ मध्ये, २६ व्या वर्षी, तो ऑर्केस्ट्रा मेहतांच्या हातात आला. मानापमान काय फक्त भाऊबंदकीतच असतो?

तिथे १९७८ पर्यंत, मग १९९१ पर्यंत न्यूयॉर्क. इस्रायल फिलहार्मोनिकशी १९६९ पासून जोडलेले, ते थेट २०१९ ला निवृत्त झाले. पन्नास वर्षं, आणि कंडक्टर म्हणून उभं असताना त्या माणसाने एक सूर वाजवला नाही.

यांच्याकडेही हे पूर्वीपासून असं नव्हतं. आधी पहिला व्हायोलिनवाला किंवा हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोसारख्या जुन्या वाद्यावर, बसलेलाच वाजवता वाजवता बाकीच्यांना हाकायचा. नुसता उभा राहणारा, हातात छोटी काठी घेतलेला माणूस रुळला तो एकोणिसाव्या शतकात. त्याच्याही आधी पॅरिसला लुली नावाचा संगीतकार जड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा. १६८७ मध्ये ती त्याच्याच पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. (साहेबांना सांगायला हवं, काठी फिरवायला काय लागतं ते.)

आता माझ्या कामाची गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. प्रभातफेरीत आमची पोरं दोन-दोनच्या रांगेत लावली की पहिल्या ढोलापासून शेवटच्या बासरीपर्यंत सहज ४० मीटर होतात. म्हणजे ढोलाचा ठोका मागे पोचायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. चाल मिनिटाला १२० पावलांची, एका ठोक्याला अर्धा सेकंद. पाव ठोका हवेतच गेला! मागच्यांनी कानाने वाजवलं तर ती मागेच पडणार, कितीही हुशार असली तरी. त्यांना ऐकायचं नाही, बघायचं शिकवायला हवं. आणि मी आठवडाभर त्यांच्यावर ओरडतोय.

रविवार, कानबाई (आमचा खानदेशी सण)

सगळे भाऊबंद गावी. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. दुपारी माणसं जिथे जागा मिळेल तिथे आडवी. नाना ओट्यावर एकटेच. आता ऐंशीच्या पुढे गेलेत, ऐकू जवळजवळ येतच नाही.

शेजारी बसलो आणि मोबाईलवर मेहतांचा व्हिडिओ लावून दिला, व्हिएन्नाच्या नववर्षाच्या मैफलीचा. आवाजाचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून बंदच ठेवला. नाना चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, एवढे व्हायोलिनवाले बघून काही म्हणतील. त्यांनी व्हायोलिनकडे बघितलंच नाही.

"हाऊ आधी दम लेस," ते म्हणाले. "मंग हात उचलस. हात खाले येस तवय बठा वाजाडतस."

परत लावून बघितलं. खरंच. पहिल्या सुराच्या आधी छाती भरते, हात वर जातो, आणि त्या वर जाण्यातच सगळं सांगून होतं, किती वेगाने, किती जोरात. सुरुवात हात खाली आल्यावर होत नाही, वर जातानाच झालेली असते. आणि मी काय करत होतो? ठोका पडला की टाळी. म्हणजे गाडी सुटल्यावर घंटी.

मग मला एक वरात आठवली. मी सहावी-सातवीत असेन. वाटेत एक घर होतं, तिथे आदल्या दिवशीच माणूस गेलेला. बँडवाल्यांना माहीत नव्हतं, नवरदेवाकडच्यांनाही नाही. उलटं चालणाऱ्या नानांना मागचं कसं दिसलं कोण जाणे. की गावात शिरतानाच चौकशी करून ठेवली होती? त्यांनी डावा हात वर करून मूठ मिटली. ढोल, ताशा, पितळ, खुळखुळा, सगळं एका क्षणात बंद. नाचणाऱ्यांचे पाय तसेच अडखळले. मग त्या घरावरून अख्खी वरात नुसती चालत गेली, चपलांचा आणि गॅसबत्त्यांचाच आवाज. ओट्यावर बसलेल्या म्हातारीने मान वर केली आणि परत खाली घातली. दहा-बारा घरं मागे पडल्यावर नानांनी मूठ उघडली, हात उचलला, आणि सगळे समेवर एकदम आले.

१९९४ मध्ये सारायेव्होच्या जळून पडलेल्या ग्रंथालयात मेहतांनी मोझार्टचं रिक्वियेम, म्हणजे मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, केलं. त्याचा फोटो नानांना दाखवला. वर छप्पर नाही, खाली कोट घातलेली माणसं वाद्यं घेऊन बसलेली. कानाशी जाऊन सांगितलं, लढाई चालू होती तिथे. नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "याले पत्ती कितली भेटस?"

"पुरी, नाना," मी ओरडलो. "बठासपेक्षा जास्तच."

"मंग बरं शे," म्हणाले, आणि सुपारी कातरायला घेतली.

मंगळवार

काठी नववीतल्या एका मुलीला दिली. झांज वाजवायची ती. वाजवताना सतत दुसऱ्यांकडे बघते म्हणून मी तिला चारदा रागावलो होतो. आज तोच गुण ठरला. दोन-चार मुलं कुरकुरली, मुलीच्या इशाऱ्यावर कसं वाजवायचं म्हणून. मरिन ऑल्सोपबद्दल सांगितलं. २००७ मध्ये ती बाल्टिमोरच्या ऑर्केस्ट्राची मुख्य कंडक्टर झाली, अमेरिकेच्या मोठ्या ऑर्केस्ट्राची मुख्य झालेली पहिलीच बाई. पोरांवर काही परिणाम झाला नाही. मग सांगितलं, ज्याला पटत नाही त्याने प्रभातफेरीत मागून पाण्याचा जार ओढायचा. हे पटलं.

मी सगळ्यात मागे, बासऱ्यांजवळ जाऊन उभा राहिलो. तिने श्वास घेतला, चांगलाच मोठा, खांदे वर येईपर्यंत. काठी वर गेली. पहिला ठोका पुढून मागेपर्यंत एकत्र पडला. पोरं स्वतःच इतकी चकित झाली की दुसरा ठोका वाजवायचाच राहून गेला.

सात-आठ वेळा केलं. पाचव्या फेरीनंतर ड्रम परत पळायला लागले, आणि मग पाऊस आला.

सुटीनंतर ती यादी घेऊन आली. प्रमाणपत्रांसाठी ऑफिसने मागितलेली: नाव, इयत्ता, वाद्य.

"सर, माझं झांज खोडायचं का? मी तर आता काहीच वाजवत नाही."

पेन घेतलं, झांज खोडलं आणि त्या जागी 'सगळी' असं लिहिलं. क्लार्क उद्या विचारायला येणारच.